छोटंसंच पाकीट

माझ्या हातून झालेल्या चुका तशा पुष्कळ आहेत, पण विमानात बसून सोलापूरपर्यंत गेलेली एकच. तीच सांगते. चहा हातात घ्या. आणि हसायचं असेल तर सुरुवातीलाच हसून घ्या, कारण मधे एक जागा अशी येते की तिथे माझं स्वतःचं हसू पळालं होतं.

तर मुळात मी कमी बोलते. इतकी कमी, की आम्ही पहिल्यांदा भेटलो तेव्हा केदारने घरी जाऊन विचारलं होतं म्हणे, "तिला मी पसंत आहे, की ती नुसतीच बसली होती?" माझ्या तोंडून "हो" चटकन निघतं. "नाही" निघायला मात्र अर्धा दिवस लागतो. तोवर समोरचा माणूस काम सांगून, पाणी पिऊन, आपल्या घरी पोचलेला असतो. हा माझा स्वभाव लक्षात ठेवा. सगळं तिथूनच सुरू झालं.

फेब्रुवारीत लग्न करून मी मिशिगनमधल्या ट्रॉयला आले. केदार गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर. बाहेर बर्फ, आत हीटर, आणि मधे मी. पहिला महिनाभर माझं सगळ्यात मोठं संभाषण डिशवॉशरशी झालं.

मार्चमध्ये एकदा इंडियन ग्रोसरीत शेंगदाण्यांच्या पिशव्यांसमोर उभी होते. कानाला फोन, फोनवर सासूबाई. माझं माहेर नाशिकचं, सासर सोलापूरचं, त्यामुळे शेंगाचटणी हा माझ्या संसारातला नवा आणि अवघड विषय. फोन ठेवला, एक पिशवी उचलली, तर मागून आवाज आला,

"ते घेऊ नको गं बाई. खवट आहेत. मागच्या आठवड्यात मी फसले."

वळून पाहिलं. साठीची, उंच, निळ्या डोळ्यांची अमेरिकन बाई हातात कढीपत्ता घेऊन उभी. मी तिच्याही मागे डोकावून पाहिलं.

"मीच बोलले," ती म्हणाली. "सोलापूरची ना तू? सासूबाई कोणत्या पेठेत?"

काय उत्तर देणार? मला सासरची पेठ सांगता येईना! लग्नानंतर सोलापुरात मी राहिले एकूण नऊ दिवस. आणि ही बाई राहिली होती अठ्ठावीस वर्षं.

त्या रूथमावशी. मिशनरी. त्या नर्स आणि त्यांचे यजमान डॅनियलकाका कृत्रिम हातपाय बनवणारे. मोहोळच्या पुढे एका गावात मिशनच्या छोट्या दवाखान्यात दोघांचं काम. थोरली दोन मुलं मोठी होऊन इकडे अमेरिकेत स्थिरावलेली, धाकटी हॅना सतरा वर्षांची, तिकडेच जन्मलेली. चार वर्षं तिकडे काढायची, मग सात-आठ महिने इकडे यायचं, गावोगावच्या चर्चमध्ये जाऊन काय काम केलं ते सांगायचं, आणि पुन्हा बॅगा भरायच्या. असं अठ्ठावीस वर्षं चाललेलं.

आमच्या अपार्टमेंटच्या मागच्याच रस्त्यावर चर्चचं एक घर होतं. या मंडळींसाठीच ठेवलेलं. तिथे ते उतरले होते. मी जायला लागले. आधी आठवड्यातून एकदा, मग रोज.

त्या घरात सगळं उसनं होतं. सोफा कुणाचा, भांडी कुणाची, गाडी एका निवृत्त शिक्षकाची, थंडीचे कोट चर्चच्या कपाटातले. डॅनियलकाकांच्या कोटाच्या बाह्या मनगटाच्या चार बोटं वर संपायच्या. पण तो माणूस असा ऐटीत वावरायचा की हीच फॅशन असावी असं वाटावं. आणि मी? माझा ओव्हन केदारपेक्षा दोन वर्षांनी जुना आहे म्हणून आदल्या आठवड्यात रुसून बसले होते!

हॅना तर वेगळंच प्रकरण. भुवयांपर्यंत सोनेरी केस, आणि तोंड उघडलं की मोहोळ.

"इथली पोरं विचारतात, कुठली तू? म्हटलं, मोहोळच्या पुढची. तर म्हणतात, ते ओहायोत आहे का? काय डोकं फोडायचं बे!"

"मग तुझं घर नक्की कुठलं गं?" मी एकदा विचारलं.

"जिकडं निघतोय ना, ते," ती म्हणाली. "तिकडून निघताना मॉम म्हणते, चला घरी. इकडून निघताना पण म्हणते, चला घरी. मधे विमानात बसलं की कुठलंच नाही. तिथं पिक्चर बघायचा."

माझ्यासाठी ते घर म्हणजे माहेर झालं. रूथमावशींनी मला शेंगाचटणी शिकवली. होय, अमेरिकन बाईने, अमेरिकेत, मला, माझ्या सासरची चटणी! मिक्सर लावायला गेले तर हात धरला. "मिक्सर नको. कांडायची. तेल सुटलं पाहिजे." खलबत्ता तेवढा त्यांचा स्वतःचा. दर फेरीला बॅगेतून इकडे यायचा आणि बॅगेतून परत जायचा.

सप्टेंबर संपता संपता त्यांची परतीची तारीख ठरली. मी सासूबाईंना सांगितलं, आणि सांगताक्षणी व्हिडिओमध्ये त्यांचा चेहरा उजळला.

"अगं, मग त्यांच्याबरोबर ते गुडघ्याचं मलम पाठव की! केदारनं मागं आणलं होतं ते. दोनच ट्यूब. छोटंसंच पाकीट."

आता तुम्ही सांगा, इकडे राहणाऱ्या मराठी माणसाला यात काही वावगं वाटेल का? कुणी इंडियाला निघालं की आपण आधी तारीख विचारतो, मग कोणतं विमान ते, आणि मग आवाज जरा मऊ करून, "एक छोटंसंच पाकीट होतं…" ही आपली रीतच आहे.

मी दोन दिवस घोकून रूथमावशींना विचारलं. त्या लगेच म्हणाल्या, "दे की. त्यात काय!"

माझा जीव भांड्यात पडला. घरी येऊन मी दोन ट्यूब कागदात गुंडाळल्या, वर सासूबाईंचं नाव लिहिलं, आणि पाकीट हरवू नये म्हणून नीट, सुरक्षित जागी ठेवून दिलं.

इथे थांबले असते तर हा किस्सा झालाच नसता. पण त्या शनिवारी जवळच्या नोव्हाय गावातल्या शुभदाकाकूंकडे जेवायला गेलो. शुभदाकाकू म्हणजे आमच्या मराठी मंडळाचा कणा. गणपतीची वर्गणी असो की कुणाच्या बाळंतिणीचा डबा, काकूंशिवाय पान हलत नाही. मी आपलं काहीतरी बोलायला हवं म्हणून बोलले, "आमच्या ओळखीचे सोलापूरला चाललेत."

"कोण गं?"

"मिशनरी आहेत. फार सज्जन माणसं."

"सज्जन?" काकूंच्या हातातला डाव थांबला. "म्हणजे वस्तू देतील ना पोचत्या?"

"हो," मी म्हणाले. सांगितलं ना, "हो" चटकन निघतं.

आम्ही गाडीत बसेपर्यंत मंडळाच्या ग्रुपवर मेसेज पडला होता: 'सोलापूर-पुणे बाजूला अत्यंत खात्रीची तीन माणसं जात आहेत. बॅगा सहा. छोटी पाकिटं असल्यास मृणालकडे द्यावीत.'

मृणाल म्हणजे मी.

"बॅगा सहा हे तू सांगितलंस?" केदारने विचारलं.

"नाही! माणसं तीन म्हटल्यावर त्यांनी गुणाकार केला."

"मग ग्रुपवर लिही ना, जमणार नाही म्हणून."

"लिहिते."

लिहायला घेतलं. 'नमस्कार' लिहिलं, खोडलं. 'सर्वांना नमस्कार' लिहिलं. तेवढ्यात दारावर टकटक.

"मृणाल ना? अगं, छोटंसंच आहे!"

पहिल्यांदा बदाम आले. मग बदाम. मग पुन्हा बदाम. सोलापूर-पुण्यात बदाम मिळत नाहीत असा मिशिगनमध्ये काय समज आहे, कळत नाही. मग लिपस्टिक, व्हिटॅमिनच्या गोळ्या, बाळाचे कपडे, नळाचं तोंड, योगासनांची गुंडाळलेली चटई. एका गृहस्थांनी जावयाच्या गाडीचं वायपर आणून दिलं. "वजनाला काहीच नाही बघा!" वजनाला नव्हतंच. लांबीला होतं.

प्रत्येक वेळी मी दार उघडायचे, मनात "नाही" जुळवायचे, आणि ते ओठांवर येईपर्यंत लिफ्ट खाली गेलेली असायची. दहा दिवसांत आमच्या सोफ्यावर चाळीस पाकिटं बसली आणि आम्ही दोघं जमिनीवर जेवायला लागलो.

"तू त्यांना सांगितलंस ना, चाळीस आहेत म्हणून?" केदार.

"सांगणारच आहे."

सांगितलं नाही. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी सगळं गाडीत भरून त्यांच्या दारात नेलं. सांगायची गरजच राहिली नाही.

रूथमावशींनी ढीग पाहिला, मला पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर जे काही होतं त्यावरून त्यांना सगळं कळलं असावं. भरून झालेल्या सहाच्या सहा बॅगा पुन्हा उघडल्या आणि जमिनीवर फतकल मारून बसल्या.

"मॉम," हॅना म्हणाली, "ह्यांच्यात कुणीच इंडियाला जात नाही का बे?"

"हॅना! खोकी फोड."

मग मी जे पाहिलं ते जन्मात विसरणार नाही. त्या बाईने पहिल्यांदा सगळी खोकी काढून फेकली. खोक्यात निम्मी हवा असते, म्हणाल्या. बदाम डॅनियलकाकांच्या बुटांत कोंबले, पिशवीसकट. बाळाचे कपडे नळाच्या तोंडाला गुंडाळले, लिपस्टिका मोज्यांत, वायपर बॅगेच्या तळाला तिरकं. आणि प्रत्येक वस्तूची एका वहीत नोंद: कुणाची, कुणाला, कुठे. मराठीत, बोरूने काढावं तशा अक्षरात! दोन मुलं, त्यातलं एक दोन महिन्यांचं तान्हं, आणि एक शिवणयंत्र घेऊन ही बाई या रस्त्याने गेली होती. माझे बदाम तिला काय जड?

हो, मधूनच त्या बॅगेतून टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी काढून एका हिरव्या पिशवीवजा बॅगेत ठेवत होत्या. मला वाटलं भांडी असतील. विचारलं का? नाही. मी कमी बोलते.

"ही हिरवी हातात घेऊ," त्या काकांना म्हणाल्या. काकांनी बॅगेकडे पाहिलं, मावशींकडे पाहिलं, आणि मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्हीच त्यांना विमानतळावर सोडायला गेलो. काउंटरवरच्या बाईने नेहमीचा प्रश्न नेहमीच्या कंटाळ्याने विचारला, "कुणी तुम्हाला काही न्यायला दिलंय का?"

या प्रश्नाचं उत्तर देताना माणसं मानही वर करत नाहीत. पण डॅनियलकाका मिशनरी! ते प्रसन्न हसून म्हणाले,

"हो. चाळीस जणांनी."

केदारने डोळे मिटले. मी त्याच्या मागे उभी राहिले.

सगळ्या बॅगा बाजूला, सगळ्या उघड्या. एक अधिकारी आला, मग दुसरा. रूथमावशींनी पर्समधून वही काढली आणि शांतपणे वाचायला सुरुवात केली, वाचता वाचता इंग्रजी करत. डाव्या बुटात बदाम, पुण्याच्या कुलकर्ण्यांसाठी. उजव्या बुटात बदाम, त्यांच्याच व्याह्यांसाठी. अधिकारी एकेक तपासत होता आणि एकेक जुळत होतं. चाळिसाव्या वस्तूला तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही आमच्याकडे नोकरी कराल का?"

सहा बॅगा गेल्या. पण हिरवी? प्रत्येकाच्या खांद्यावर एक, हातात एक होतीच. दिवाळीची गर्दी, विमान भरलेलं. जादा बॅग घेणार नाही म्हणजे नाही.

काका हळूच म्हणाले, "रूथ, एखादी दुसरी ठेवू या का?"

"दुसऱ्यांत लोकांच्या वस्तू आहेत. विश्वासाने दिल्यात," मावशी म्हणाल्या. आणि हिरवी बॅग माझ्या हातात दिली. "हे आमचंच आहे गं. राहू दे तुझ्याकडे. जानेवारीत चर्चचं कुणी येईल, ते आणेल."

आमचंच आहे म्हटल्यावर मला, खरं सांगते, हायसं वाटलं. म्हणजे चाळीसच्या चाळीस पाकिटं गेली! मी किती नेटकी! घरी येऊन हिरवी बॅग कपाटात टाकली आणि तिच्यावर तांदळाचं पोतं ठेवलं.

चौथ्या दिवशी सकाळी हॅनाचा निरोप आला. "ताई, बाबा म्हणतो त्या बॅगेवर जड ठेवू नको. बोटं वाकतील."

बोटं?

मी पोतं ओढलं. चेन उघडली. एक टॉवेल सोडवला.

आतून पाय निघाला.

आता, मी कमी बोलते असं जे मी तुम्हाला सांगत आले, त्याला हा एक अपवाद. मी अशी किंचाळले की खालच्या मजल्यावरची बाई वर आली. केदार घरून काम करत होता. कानावर हेडफोन, समोर सतरा जणांची मीटिंग. तो धावत आला. "काय झालं? काय झालं?"

"पाय!" मी म्हणाले. "कपाटात पाय आहे!"

"पाय? अ फूट? इन द क्लोजेट?" तो ओरडला. माइक चालू होता. सतरा जणांनी ऐकलं. त्यातला एक जण अजूनही केदारशी जरा जपूनच बोलतो.

एकूण अकरा होते. घोट्याखालची कृत्रिम पावलं. इकडे कुणाला लागेनाशी झाली की काका ती मागून घ्यायचे, आठ महिने चर्चमागून चर्च फिरून जमवायचे, आणि तिकडे नेऊन आपण बनवलेल्या पायांना बसवायचे. प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली, काकांच्या अक्षरात. 'मारुती, डावा.' 'रेहाना, उजवा, लहान.' 'सखूबाई, उजवा. नातीच्या लग्नाआधी!'

अकरा माणसं मापं देऊन, वाट बघत बसलेली. आणि त्यांच्या जागी मी काय पाठवलं? बदाम.

मी कपाटासमोर बसले. हसू पळालं ते इथे.

तिकडे संध्याकाळ होती. फोन लावला. "मावशी, तुम्ही बोलला का नाही? तुम्ही म्हणालात, आमचंच आहे!"

"मग आमचीच आहेत की गं ती माणसं," त्या म्हणाल्या, जसं काही यात समजावण्यासारखं काही नव्हतंच. "जानेवारीत येतील पाय. थांबायची सवय आहे त्यांना."

"सखूआज्जीला नाही सवय!" मागून हॅना ओरडली. "तिच्या नातीचं लगीन आहे तुळशीच्या लग्नानंतर! ती म्हणते उभी राहून अक्षता टाकीन, बसून टाकणार न्हाई!"

"हॅना, गप."

"पण मला एकदा 'नाही' म्हणायचंत ना मावशी," मी रडवेली होऊन म्हणाले.

मग त्या म्हणाल्या, "अठ्ठावीस वर्षं आम्ही दुसऱ्यांच्या कोटात ये-जा करतोय, सूनबाई. घर त्यांचं, गाडी त्यांची, चमचेसुद्धा त्यांचे. कुणी कधी आम्हाला 'नाही' म्हणालं नाही. मग कुणी म्हणालं, एवढं न्या, तर आम्ही 'नाही' कुठल्या तोंडानं म्हणायचं?"

मी फोन ठेवला. पण तुळशीचं लग्न साडेतीन आठवड्यांवर आलं होतं. इतक्या कमी दिवसांत तिकडे कोण जाणार? दिवाळीला कोण जाणार?

हे कुठे विचारायचं ते मला चांगलंच माहीत होतं. ज्या ग्रुपवर मी 'सर्वांना नमस्कार' लिहून खोडलं होतं, तिथे आयुष्यात पहिल्यांदा मेसेज टाकला. लिहायला पाऊण तास लागला. चूक लपवली नाही, वस्तूचं नावही लपवलं नाही: 'तुमची पाकिटं नेताना त्यांचे पाय मागे राहिले. अकरा आहेत. इंडियाला कोण जातंय?'

शुभदाकाकूंचा फोन आला. "पाय? कसले पाय? कुणाचे?"

सांगितलं. सगळं. सखूबाईंसकट.

काकू गप्प झाल्या. मंडळाच्या इतिहासात असं पूर्वी घडल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही.

"म्हणजे माझ्या नळाचं तोंड गेलं," त्या हळूच म्हणाल्या, "आणि त्या बाईचा पाय राहिला?"

"हो काकू."

"सखूबाईंचा माझ्याकडे दे. मी तेरा तारखेला पुण्याला निघतेय. बॅगेतून साड्या काढते चार."

आणि मग ग्रुपवर जे सुरू झालं!

'आमच्याकडून एक उजवा.'

'डावा असेल तर द्या, बॅगेच्या कोपऱ्यात बसेल.'

'आम्ही जोडी नेऊ शकतो. जोडी नसेल तर कुठलेही दोन.'

वायपरवाले गृहस्थ स्वतः दारात आले. लांबी मोजून म्हणाले, "हे तर वायपरपेक्षा लहान आहे हो!" आणि दोन घेऊन गेले. कुणीही वजन विचारलं नाही. दोन आठवड्यांत कपाट रिकामं. विमानतळावर काकूंची बॅग तपासली तेव्हा, म्हणे, काकूंनी पाऊल मांडीवर घेऊन तिथल्या माणसाला सखूबाईंची सगळी हकीकत ऐकवली. मागे रांग खोळंबली, पण त्याने पाऊल पुन्हा टॉवेलमध्ये स्वतः गुंडाळून दिलं.

हे सगळे पाय पुण्या-मुंबईहून कुणाकुणाच्या हाती पोचत होते तो पत्ता एकच: माझ्या सासूबाईंचा. रोज सकाळी मला फोन.

"मृणाल, आज एक डावा आला."

"मृणाल, आज दोन उजवे. खालचा वॉचमन वर यायलाच तयार नाही. म्हणतो, वहिनी, तुम्हीच घेऊन जा."

"मृणाल, समोरच्या वैनी विचारत होत्या, तुमची सून अमेरिकेत नक्की काय करते?"

दहा पाय हॅना येऊन घेऊन गेली. अकरावा, सखूबाईंचा, काकूंकडून पोचायला उशीर झाला. लग्न दोन दिवसांवर. सासूबाई म्हणाल्या, आता कुणाची वाट बघत नाही. पाऊल पिशवीत घातलं, एसटी पकडली, मोहोळला उतरल्या, पुढे जीप. आणि तिकडेच लग्नाला राहिल्या.

लग्नाच्या दिवशी आमच्याकडे भली सकाळ. व्हिडिओ लागला. मांडव, बॅंड, आणि गर्दीत सगळ्यांपेक्षा वीतभर उंच, हिरव्या नऊवारीत रूथमावशी. हॅना जिलबीचं ताट घेऊन पळतेय. डॅनियलकाका, या खेपेला पुऱ्या बाह्यांच्या सदऱ्यात. आणि त्यांच्या पुढे, काठी न धरता, मुठीत अक्षता घेऊन उभी एवढीशी म्हातारी. सखूबाई.

अक्षता पडल्या. त्यांनी आपली मूठ सगळ्यात शेवटी टाकली, सावकाश, कुणाची घाई नसल्यासारखी. मी आणि केदार फोनसमोर उभेच होतो. का ते माहीत नाही, पण बसावंसं वाटेना.

सासूबाईंनी फोन त्यांच्या हातात दिला. "ही माझी सून. हिनंच पाठवला पाय."

सखूबाईंनी मला नीट निरखलं. "पोरी, पाय झ्याक हाय. हलका हाय. पन एक इचारू?"

"विचारा ना आजी."

"डाक्टरसायब विमानानं चार दिसांत आलं. पाय म्हईनाभरानं. त्यो काय चालत आला व्हय गं?"

मांडव हसला. केदार हसला. मी माझ्या स्वभावाला धरून काहीच बोलले नाही.

फोन पुन्हा सासूबाईंकडे गेला. त्यांचा आवाज मऊ झाला होता. "मृणाल, काय माणसं आहेत गं ही! कालपासून बघतेय. अख्खं गाव यांचं सोयरं. आणि तू, हो, तूही बरं निभावलंस."

सुनेला सासूकडून एवढं मिळालं की अजून काय हवं? मी मान खाली घालून तो क्षण साजरा करत होते. तेवढ्यात त्या म्हणाल्या,

"फक्त एक सांग. एसटीनं आणि जीपनं माझे गुडघे आता पार गेलेत. म्हटलं रूथताईंकडून ते मलम मागून घ्यावं. त्यांनी अख्खी वही चाळली. चाळीस नावं आहेत. त्यात आपलंच नाही."

केदारने माझ्याकडे पाहिलं.

मी सावकाश स्वयंपाकघरात गेले. खुर्ची घेतली. फ्रिजच्या वर, अगदी मागे, भिंतीला टेकून, हरवू नये म्हणून नीट, सुरक्षित जागी ठेवलेलं पाकीट होतं. वर सुवाच्य अक्षरात सासूबाईंचं नाव.

म्हणजे बदाम गेले, वायपर गेलं, नळाचं तोंड गेलं, अकरा पाय गेले. ज्या दोन ट्यूबांपायी हे सगळं झालं, त्या तेवढ्या ट्रॉयमधून हलल्या नव्हत्या.

दुसरा काय इलाज होता? फोन उचलला, ग्रुप उघडला, आणि या वेळी 'नमस्कार' न खोडता लिहिलं: 'इंडियाला कोणी जाणार आहे का? एक छोटंसंच पाकीट द्यायचं होतं.'

अर्ध्या मिनिटात पुण्याहून शुभदाकाकूंचं उत्तर आलं.

'आधी उघडून बघ. बोटं आहेत का?'